'डॉक्टर नो'मधलं डायव्हर घड्याळ: लोगो नको, पण मापं तंतोतंत हवीत

काटेकोर (धागाकर्ता)

'डॉक्टर नो'मध्ये (१९६२) जेम्स बाँड झालेल्या शॉन कॉनरीच्या मनगटावर जे रोलेक्स सबमरीनर दिसतं, त्याच्या जास्तीत जास्त जवळ जाणारी प्रत शोधतो आहे. अस्सल घड्याळ आता लिलावात, तेव्हा तो विषय इथेच संपला. खोटा लोगो छापलेला बनावट मालही नको. डायल कोरी असेल किंवा बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव असेल तर चालेल.

'बिग क्राउन होमाज' (होमाज म्हणजे खोटा लोगो न लावता काढलेली प्रत) या नावाने विकली जाणारी घड्याळं ढीगभर आहेत. फोटोत सगळी सारखीच वाटतात. कुठली मापं तपासायची, आत कुठलं मशीन योग्य, आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचं ठरवलं तर नेमकं कुठे फसायला होतं, हे जाणकारांनी सांगावं. चिमटे, भिंग, काटे बसवायची हत्यारं आहेत. क्वार्ट्झ मशीन बदलण्याइतपत हात बसलेला आहे.

---

व्यवस्थापक

धागा छान आहे, चालू द्या. एकच सूचना: दुसऱ्या कंपनीचा लोगो लावलेल्या घड्याळांचे दुवे, विक्रेते किंवा 'हा कारखाना चांगला की तो' अशी चर्चा इथे नको. दुसऱ्याचा ट्रेडमार्क लावला की ते होमाज राहत नाही, बनावट ठरतं. बहुतेक देशांत ते विकणं गुन्हा आहे, आणि कस्टमने पकडलं तर पार्सल परत मिळत नाही.

---

भिंगवाला

आधी संदर्भ क्रमांक पक्का करू, कारण निम्मे विक्रेते तिथेच घोळ घालतात. पडद्यावरचं घड्याळ ६५३८. हे मॉडेल पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धातलं. केस (घड्याळाचं धातूचं कवच) साधारण ३८ मिमी, लग्जमधलं (पट्टा अडकवायच्या शिंगांमधलं) अंतर २० मिमी, चावी (क्राउन) ८ मिमी व्यासाची आणि चावीच्या दोन्ही बाजूंना संरक्षक कान नाहीत. तारीख नाही. आत १०३० कॅलिबर (मशीनचा क्रमांक), पाण्याखाली २०० मीटर खोलीपर्यंत.

त्याच काळातली ६५३६/१ आणि ५५०८ दिसायला सख्खी भावंडं, पण त्यांची चावी ६ मिमीची आणि खोली १०० मीटर. १९५९मध्ये ५५१२ आलं, त्याला कान आले आणि केस ४० मिमी झाली. बाजारातलं बरंचसं 'बिग क्राउन' हे प्रत्यक्षात ५५१२च्या आकाराची ४० मिमी केस घेऊन, तिचे कान घासून, त्यावर ७ मिमीची चावी लावलेलं असतं. मनगटावर ते चपट्या ताटलीसारखं बसतं. ६५३८चा रुबाब आहे तो छोट्या केसवर मोठी चावी असण्यात.

म्हणून विक्रेत्याने लिहिलेल्या आकड्यांवर विसंबू नका, फोटोतून गुणोत्तर काढा:

- चावीचा व्यास भागिले केसचा व्यास. मूळ घड्याळात ८/३८, म्हणजे ०.२१. सात मिमीची चावी ४० मिमी केसवर असेल तर ०.१७५. हा फरक नुसत्या डोळ्यालाही कळतो.
- लग्जमधलं अंतर भागिले केसचा व्यास. २०/३८, म्हणजे ०.५३. ४० मिमी केसवर २० मिमी लग्ज असतील तर ०.५०.
- काचेची कड आणि बेझेलची (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची) बाहेरची कड यांच्यामध्ये दिसणारी काळी रिंग. ही जाड दिसली की डायल लहान वापरलेली आहे असं समजा.

फोटो कुठला घ्यायचा हे महत्त्वाचं. मोबाइल घड्याळाच्या जवळ नेऊन काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि लग्ज आखूड दिसतात. मीटरभर लांबून, झूम करून, अगदी समोरून काढलेला फोटो मागा. डायलच्या कडेवरचे मिनिटांचे ठिपके बाराला आणि सहाला मध्यापासून सारख्या अंतरावर दिसत असतील तर फोटो सरळ आहे. मग चित्र उघडून पिक्सेल मोजा. असा फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच.

अजून एक जागा: डायल आणि काच यांच्यामधली आतली भिंत. ६५३८ला ती साधी, कोरी आहे. सेकंदांच्या रेघा छापलेली तिरकी रिंग दिसली, तर ती सरसकट मॉड करण्यासाठी (सुटे भाग जोडून घड्याळ बनवण्यासाठी) बनवलेली केस आहे. बाकी सगळं जुळलं तरी ती रिंग चुगली करते.

---

निळी_लाट

थोडं अवांतर. चित्रपटातलं डायव्हर म्हटलं की आमच्या पिढीला बाँडचं निळं ओमेगा सीमास्टरच आठवतं. त्याची प्रत शोधणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवतो, नाहीतर पुन्हा नवा धागा निघेल.

'गोल्डनआय'मधलं (१९९५) सीमास्टर हे २५४१.८०, म्हणजे क्वार्ट्झ. 'टुमॉरो नेव्हर डाइज'पासून (१९९७) २५३१.८०, हे ऑटोमॅटिक, आत ११२० कॅलिबर. दोन्ही ४१ मिमी, लग्ज २० मिमी, लाटांची निळी डायल, आतून कोरलेले तलवारी काटे, दहाच्या बाजूला हीलियम व्हॉल्व्ह. तेव्हा 'गोल्डनआय'ची प्रत हवी असणाऱ्याने ऑटोमॅटिकच्या मागे लागू नये. पडद्यावरचा सेकंदकाटा दर सेकंदाला एक उडी मारतो, तो तुमचाही मारायलाच हवा.

होमाजमध्ये दोन गोष्टी हटकून चुकतात. एक म्हणजे लाटा. मूळ डायलवर त्या बारीक आणि उथळ आहेत, तिरप्या उजेडातच नीट उठून दिसतात. स्वस्त डायलवर त्या खोल आणि रुंद असतात, समोरून बघितलं तरी पत्र्याच्या छपरासारख्या दिसतात. दुसरं म्हणजे तारखेची खिडकी. ती मध्यापासून किती लांब येणार हे मशीनमधल्या तारखेच्या चकतीवर ठरतं. ११२० हे ईटीए या स्विस मशीन कंपनीच्या २८९२-ए२ वर आधारलेलं, २५.६ मिमी व्यासाचं. त्या जागी २७.४ मिमीचं सेइको मशीन टाकलं की खिडकी सरकलीच म्हणून समजा. ईटीए २८२४-२ किंवा सेलिटा एसडब्ल्यू२००-१ हीही २५.६ मिमीची आहेत, पण जाडी ४.६ मिमी, २८९२ची ३.६. म्हणजे खिडकी जागेवर हवी तर घड्याळ एक मिलिमीटर जाड होणार. दोन्हींपैकी काय सोसेल ते ठरवा.

हीलियम व्हॉल्व्हबद्दल ओरिंग यांनी लिहावं.

---

पितळी_डायल

मूळ मुद्द्याकडे. ६५३८च्या प्रतीत सगळ्यात अवघड भाग आहे डायल.

त्या काळच्या या डायलवरची अक्षरं सोनेरी रंगाने छापलेली नाहीत. खाली पितळेची चकती असते. अक्षरं आणि कडेची रेघ आधी पारदर्शक लॅकरने झाकतात, मग गॅल्व्हॅनिक पद्धतीने चकती काळी करतात, आणि शेवटी ते झाकण काढून टाकतात. उरतं ते उघडं पितळ. म्हणजे अक्षर काळ्या थराच्या किंचित खाली असतं. वरून चकचकीत लॅकरचा हात.

दहापट भिंगाखाली, दिवा आडवा धरून बघा. खऱ्या गिल्ट (अशा सोनेरी अक्षरांच्या) डायलचं अक्षर उजेड फिरवला की धातूसारखं चमकून जातं, मग काळपट होतं, आणि त्याची कड धारदार दिसते. सोनेरी शाईने छापलेलं अक्षर वर उचललेलं असतं, त्याची कड गोलसर असते, आणि कुठल्याही कोनातून ते एकसारखं पिवळट दिसतं. आजही काही छोटे डायल बनवणारे पितळेची पद्धत वापरतात. विचारताना 'गिल्ट आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'अक्षरं छापील की बेस धातूची' असं विचारा.

आता ल्यूम, म्हणजे अंधारात चमकणारा रंग. मूळ घड्याळावर रेडियमचा रंग होता. तो काळानुसार तपकिरी-पिवळा पडला, म्हणून आजच्या प्रतींवर 'जुनाट' क्रीम रंग लावतात. चित्रपट बघताना एक लक्षात घ्या: १९६२मध्ये ते घड्याळ जेमतेम काही वर्षांचं होतं. पडद्यावरच्या घड्याळाची प्रत हवी असेल तर फिकट ल्यूम बरोबर. गडद बिस्किटी रंग लावलात तर ती आज लिलावात येणाऱ्या घड्याळाची प्रत झाली.

जुनाट छटा आणण्यासाठी ल्यूमच्या पावडरीत रंगद्रव्य घालतात, आणि जितकं घालाल तितका उजेड कमी. आकारमानाने एक भाग पावडर, एक भाग बाइंडर, इथून सुरुवात करा. रंगद्रव्य सुईच्या टोकावर मावेल इतकंच. काट्याला ल्यूम मागच्या बाजूने भरतात: मिश्रणाचा थेंब दोन कडांमध्ये ओढत न्यायचा, पुढच्या बाजूला पृष्ठताणाने तो आपोआप सपाट बसतो. पुढून भरलं की फुगवटा येतो आणि वरचा काटा त्याला घासतो.

आणि एक इशारा. 'जुनी अस्सल डायल' म्हणून सुटी रेडियम डायल कुणी देऊ केली तर घरी खरवडायला घेऊ नका. ती अंधारात चमकत नाही म्हणून निरुपद्रवी झाली असं नसतं. त्यातलं झिंक सल्फाइड जळून गेलेलं असतं. रेडियम-२२६चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. त्याची धूळ श्वासात जाणं हा खरा धोका.

---

काटेकोर

फिकट ल्यूमचा मुद्दा पटला, हे डोक्यातच आलं नव्हतं.

३८ मिमी केस, आठची चावी आणि कान नसलेली, कोऱ्या आतल्या भिंतीची अशी सुटी केस सापडली आहे. विक्रेता म्हणतो एनएच३५ (सेइकोचं ऑटोमॅटिक मशीन) बसतं. मियोटा ९०३९साठीही वेगळी रिंग देतो. काय घ्यावं?

---

बारीक_चिमटा

जाडीचा हिशेब आधी. एनएच३५ ५.३२ मिमी, मियोटा ९०३९ ३.९ मिमी. जवळजवळ दीड मिमीचा फरक. पण हा फरक तुमच्या पदरात पडतो तो केसच त्या मशीनसाठी बनवलेली असेल तर. एनएचसाठी खोदलेल्या केसमध्ये रिंग टाकून मियोटा बसवलं, तर घड्याळ तेवढंच जाड राहतं, आत फक्त पोकळी वाढते. तुमच्या केसला एनएच घ्या.

मात्र एनएच३५ नको, एनएच३८ घ्या. एनएच३५ला तारीख आहे. बिनतारखेच्या डायलखाली ती चकती फिरत राहते आणि चावी ओढल्यावर मध्ये एक रिकामा टप्पा लागतो. एनएच३८ला तारीखच नाही, चावी दोनच जागी थांबते. ते मुळात डायलला भोक असलेल्या घड्याळांसाठी बनवलेलं आहे, पण पूर्ण डायलखाली काही अडचण येत नाही. बाकी कुंडली तीच: २४ ज्युएल्स, ताशी २१,६०० ठोके, सुमारे ४१ तास साठा.

काट्यांची भोकं: एनएचला तासकाटा १.५० मिमी, मिनिटकाटा ०.९०, सेकंदकाटा ०.२०. ईटीए २८२४ला पहिले दोन तेच, सेकंदकाटा मात्र ०.२५. म्हणून ईटीएसाठी घेतलेला काट्यांचा संच एनएचवर दोन-तृतीयांश बसतो आणि सेकंदकाटा पहिल्याच हिसक्याला निसटून डायलवर पडतो. नळी चिमट्याने दाबून घट्ट करायच्या फंदात पडू नका, ती चिरते. बरोबर मापाचा काटा मागवा.

डायलचे पाय: मॉडसाठीच्या बऱ्याच डायलना चार पाय असतात, दोन तीनला चावी असलेल्या केससाठी, दोन चारच्या जवळ चावी असलेल्या केससाठी. तुमची चावी तीनला. मशीनवर डायल नुसती टेकवून बघा, कुठले दोन पाय भोकांत जातात ते खुणावून ठेवा, मग उरलेले दोन मुळाशी कापा आणि सपाट घासा. आधी कापून मग बघू म्हणणाऱ्यांच्या डायली चिकटपट्टीच्या ठिपक्यांवर जगतात आणि वर्षभरात फिरतात.

काटे बसवताना तारखेचा प्रश्न तुम्हाला नाही. (तारखेचं मशीन असणाऱ्यांनी तारीख उडेपर्यंत चावी फिरवावी आणि ती उडाली त्या क्षणी तास आणि मिनिट बारावर बसवावेत.) तासकाटा डायलला समांतर बसला का ते बाजूने भिंगातून बघा. मिनिटकाटा बसवल्यावर पूर्ण बारा तास फिरवा. ६५३८च्या तासकाट्याला तो गोल असतो, मर्सिडीज म्हणतात तो, त्यात भरलेला ल्यूम वर आला असेल तर नेमका इथे घासतो. मग लॉलीपॉप सेकंदकाटा. तो शेवटी, आणि खाली मऊ आधार ठेवून. उलट्या मशीनवर जोर दिला तर रोटरचं बेअरिंग दुखावतं.

आता खरी परीक्षा: चावीची दांडी कापणं. स्क्रू होणाऱ्या चावीत स्प्रिंग असते, त्यामुळे सरळ मोजून कापता येत नाही.

१. मशीन केसमध्ये घट्ट बसवा, मागचं झाकण लावायचं असेल तसंच. सैल मशीनवर घेतलेलं माप वाया.
२. न कापलेली दांडी चावीत फिरवून बसवा आणि मशीनमध्ये सारा. चावी आणि केस यांच्यातली फट कॅलिपरने मोजा.
३. त्या फटीपेक्षा अर्धा मिमी कमी कापा. म्हणजे दांडी मुद्दाम लांब ठेवा.
४. मग कानस. एका वेळी ०.१ मिमी. प्रत्येक वेळी टोकाची बुरी काढा, नाहीतर चावीची आटी खराब होते.
५. चावी पूर्ण स्क्रू झाली, फट राहिली नाही, आणि उघडल्यावर चावी देताना मशीन पकड घेतं आहे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमल्या की थांबा.

दांडी लांब राहिली तर चावी शेवटचा अर्धा फेरा घेत नाही आणि गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) दाबलं जात नाही. आखूड झाली तर उघडलेल्या चावीने वेळ लावताना दात निसटतात. आखूड झालेल्या दांडीला इलाज नाही, नवी घ्या. दोन जास्तीच्या आधीच मागवून ठेवा. एनएचच्या दांडीची आटी ०.९० मिमी असते, चावी त्याच मापाची आहे ना हे ऑर्डर करताना बघा. शेवटी आटीवर सौम्य थ्रेडलॉकर, जांभळा. सुईच्या टोकाने एक ठिपका. जास्त झाला तर तो स्प्रिंगपर्यंत पाझरतो आणि चावी कायमची अडकते.

---

भिंगवाला

चिमटेसाहेबांच्या यादीला एक पुरवणी. सेकंदकाटा 'गुळगुळीत' सरकावा म्हणून लोक २८,८०० ठोक्यांच्या मशीनचा आग्रह धरतात. ६५३८मधलं १०३० हे ताशी १८,००० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला पाच. एनएचचे सहा, मियोटा ९०३९ आणि ईटीएचे आठ. तेव्हा या घड्याळापुरतं हळू मशीनच मूळच्या जास्त जवळ. निळ्या सीमास्टरच्या बाबतीत उलट, ११२० हे २८,८००चंच आहे.

---

ओरिंग

बोलावणं आलं म्हणून.

हीलियम व्हॉल्व्ह: सॅच्युरेशन डायव्हिंगमध्ये पाणबुडे दिवसचे दिवस हीलियम मिसळलेल्या हवेच्या कक्षात राहतात. हीलियमचे कण गॅस्केटमधून आत शिरतात, वर येताना बाहेरचा दाब उतरला की आतला वायू काच ढकलतो. तो सोडण्यासाठी व्हॉल्व्ह. बाकी कुणालाही त्याचा काही उपयोग नाही. प्रतीमध्ये तो दोन प्रकारे येतो: केसला न भेदता नुसता बसवलेला गोळा, किंवा आरपार भोक पाडून त्यात हलक्या दर्जाचं गॅस्केट. दिसायला सारखेच. पहिलाच घ्या. दुसरा म्हणजे पाणी आत यायला फुकटचा दरवाजा.

काटेकोर यांच्या घड्याळाबद्दल. केसवर '२००' कोरलं म्हणजे २०० मीटर झालं नाही. आयएसओ ६४२५ प्रमाणे डायव्हर म्हणवणाऱ्या घड्याळाची नोंदलेल्या दाबाच्या १२५ टक्क्यांवर चाचणी व्हावी लागते. तुम्ही जोडलेल्या घड्याळाची काच, चावी आणि झाकण ही तीनही ठिकाणं तुमच्या हातची आहेत. तेव्हा कारखान्याने रिकाम्या केसची चाचणी केलेली असली तरी ती इथे लागू नाही.

जोडताना: झाकणाचं गॅस्केट आणि चावीच्या नळीतली रिंग यांना सिलिकॉन ग्रीसचा पुसट थर. चकाकी दिसेल इतकाच. गोळा दिसला तर जास्त झालं. ग्रीसचं काम रिंग पिळवटू न देणं, फट बुजवणं नाही. झाकण आवळताना रिंग खाचेतून बाहेर डोकावते का ते आडव्या उजेडात बघा. एका जागी ती चिमटली की तिथे पुढे कायम गळतं.

चाचणी दोन टप्प्यांत. आधी कोरडी: हवेचा दाब देऊन केस किती दबते-फुगते ते यंत्र मोजतं. यात नापास झालं तर पाण्यात घालूच नका. पास झालं तर मग पाण्याची. नळकांड्यात घड्याळ पाण्याच्या वर टांगून दाब चढवायचा, काही मिनिटं थांबायचं, मग घड्याळ पाण्यात उतरवून दाब सावकाश सोडायचा. आत हवा शिरली असेल तर ती बुडबुड्यांच्या धारेने बाहेर येते. धार दिसली की दाब शून्यावर यायच्या आधी घड्याळ वर ओढा. उशीर केला तर जिथून हवा बाहेर आली तिथूनच पाणी आत जातं. बेझेलखाली अडकलेले एक-दोन बुडबुडे येतात आणि थांबतात, त्यांना घाबरू नका. एकाच जागेतून सलग येणारी धार ही गळती. नवीन लोक पट्ट्यासकट घड्याळ घालतात आणि मग बुडबुडे मोजत बसतात.

पाण्यात बुडवल्यानंतर शेवटची तपासणी घरीही करता येते. घड्याळ ४० ते ४५ अंशांवर दहा-वीस मिनिटं गरम करा, काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. थेंबाच्या जागी आतून धुकं दिसलं तर ओल आत आहे. मग मशीन ताबडतोब बाहेर काढा, वाट बघत बसलात तर आधी काटे गंजतील आणि मागोमाग दांडी.

---

निळी_लाट

काचेचं काय? मूळची अॅक्रिलिकची, फुगीर. मी तरी या केसला घुमट सफायर सुचवेन. ओरखडे नकोत.

---

पितळी_डायल

सफायरचा घुमट बाजूने पाहिला की डायलची कड तुटल्यासारखी दिसते आणि काचेच्या कडेला दुधी वलय येतं. अॅक्रिलिकमध्ये ती कड वितळल्यासारखी वाकते. पडद्यावरची ऊब त्या वाकण्यात आहे. ओरखडे पॉलिशिंग पेस्टने पाच मिनिटांत जातात. सफायर मात्र फुटली की चुरा मशीनमध्ये जातो.

---

ओरिंग

दोघंही बरोबर, पण केसला विचारा. सफायर नायलॉनच्या रिंगमध्ये दाबून बसते, त्या काळची अॅक्रिलिक केसच्या गळ्यावर चढवून वरून धातूच्या रिंगने आवळली जायची. एकीसाठी बनवलेल्या केसमध्ये दुसरी घातली तर दिसेल छान, टिकेल पाण्याचा पहिला शिंतोडा येईपर्यंत. आणि सफायर दाबताना प्रेसचा साचा काचेच्या कडेवर टेकू द्या, घुमटाच्या मध्यावर नको. काच तिरकी जायला लागली तर जोर वाढवू नका. बाहेर काढा, नवी रिंग घ्या, पुन्हा सुरुवात.

---

काटेकोर

केस सफायरची आहे, म्हणजे तो वाद मिटला. बेझेलबद्दल: केसबरोबर १२० टिचक्यांचं एकाच दिशेने फिरणारं बेझेल येतं. मूळचं तसं होतं का? आणि इन्सर्ट (बेझेलवरची आकड्यांची रिंग) फार काळंकुळकुळीत आहे, ब्लीचमध्ये टाकतात म्हणे.

---

भिंगवाला

मूळचं दोन्ही बाजूंना फिरायचं, टिचक्या नव्हत्या. तुम्ही घड्याळ पाण्यात नेणार असाल तर एकाच दिशेचं ठेवा. चुकून धक्का लागला तर पाण्याखालचा वेळ जास्तच दाखवेल, कमी नाही. या एका बाबतीत मी अचूकपणा सोडेन.

इन्सर्ट: ल्यूमला जो न्याय, तोच इथे. पडद्यावरचं बेझेल काळं आहे. फिकट करायचंच तर ब्लीच भरपूर पाण्यात मिसळा, ल्यूमचा ठिपका आधी काढा, दर अर्ध्या मिनिटाला इन्सर्ट बाहेर काढून धुऊन बघा. रंग सगळीकडे सारखा जात नाही, आणि जास्त वेळ राहिलं तर अॅल्युमिनियमवर पांढरे खड्डे पडतात, ते भरून येत नाहीत. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

---

निळी_लाट

'नो टाइम टू डाय'वाल्या टायटॅनियम सीमास्टरची प्रत बघतोय. ४२ मिमी, बिनतारखेची, तपकिरी डायल, जाळीचा पट्टा. विक्रेता ग्रेड २ टायटॅनियम म्हणतो. खरं की पॉलिश न केलेलं स्टील, कसं ओळखायचं? चुंबक लावून बघितलं, चिकटत नाही.

---

बारीक_चिमटा

चुंबकाचा उपयोग नाही, ३१६एल स्टीलही जवळजवळ चिकटत नाही. घनता काढा. मशीन, काच, गॅस्केट काढलेली रिकामी केस ०.०१ ग्रॅमच्या वजनकाट्यावर तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा आणि केस बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून टांगा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जे दाखवतो ते विस्थापित पाण्याचं वजन. पहिलं वजन भागिले दुसरं म्हणजे घनता. ४.५च्या आसपास आलं तर टायटॅनियम, ८च्या आसपास तर स्टील. ४० ग्रॅमची केस असेल तर काटा टायटॅनियमला साधारण ८.९ दाखवेल, स्टीलला ५. लग्जच्या भोकांत हवेचे बुडबुडे अडकतात, ब्रशने काढा. पाण्यात साबणाचा थेंब टाकला तर अडकतच नाहीत.

---

पितळी_डायल

त्याच घड्याळाबद्दल: मूळची डायल आणि बेझेलची रिंग दोन्ही अॅल्युमिनियमच्या, उन्हात विटलेल्या काळ्यासारख्या तपकिरी. चॉकलेटी दिसली तर रंग चुकला. आणि त्या डायलवर लाटा नाहीत. लाटांची तपकिरी डायल दाखवत असतील तर ती नेहमीच्या मॉडेलची रंगवलेली प्रत.

---

काटेकोर

शेवटचं विचारतो, पट्टा. सगळे काळा-करडा पट्ट्यापट्ट्यांचा नाटो (नायलॉनचा एकसंध पट्टा) सुचवतात.

---

भिंगवाला

'डॉक्टर नो'मध्ये चामड्याचा पट्टा आहे. कापडी पट्टा 'गोल्डफिंगर'मधला (१९६४), आणि तो नाटो नाहीच. ब्रिटिश संरक्षण खात्याचं नाटो पट्ट्याचं मानक १९७३चं. पडद्यावरचा पट्टा गडद निळा, त्यावर लाल आणि ऑलिव्ह हिरव्या बारीक रेघा. चित्रपटाची स्वच्छ प्रत येईपर्यंत तो काळा-करडा वाटत होता, म्हणून तो रंग बाजारात रूढ झाला. शिवाय तो लग्जपेक्षा उघड उघड अरुंद आहे, साधारण १६ मिमी. २० मिमीचा घेतलात तर 'गोल्डफिंगर'चा तो गमतीशीर अरुंदपणाच जाईल.

१६चा पट्टा २० मिमी लग्जमध्ये इकडून तिकडे सरकतो आणि केसच्या आतल्या बाजूला चरे पाडतो. पातळ सिलिकॉन नळीचे दोन-दोन मिमीचे तुकडे कापून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग बारवर (लग्जमध्ये पट्टा धरणाऱ्या बारीक दांडीवर) चढवा. चार तुकडे लागतील. काळी नळी घ्या, पारदर्शक घेतलीत तर उन्हात चमकते. स्प्रिंग बार १.८ मिमी जाडीचे, आणि केसची लग्ज आरपार भोकांची असतील तर खांदे नसलेले.

---

काटेकोर

१.८चे बार माझ्या केसच्या भोकांत जात नाहीत. टोकं १.१ मिमीची आहेत, भोकं एक मिमीची असावीत.

---

बारीक_चिमटा

भोकं मोठी करू नका. १.८ मिमी अंगाचे पण ०.८ किंवा ०.९ मिमी टोकांचे बार मिळतात, ऑर्डर करताना टोकाचं माप वेगळं विचारा. बसवल्यावर पट्टा ओढून बघा आणि टोक भोकाच्या बाहेरच्या तोंडापर्यंत पोचलं आहे का ते भिंगातून तपासा. अर्ध्यावर थांबलं असेल तर ते नुसतं स्प्रिंगच्या जोरावर टेकलंय, हात दारावर आपटला की घड्याळ खाली.